डॉक्टरांचा करार आणि रुग्णाची नऊ मिनिटे

डॉक्टर रुग्णाकडून किती फी घेतात, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असते. पण तेच डॉक्टर एखाद्या रुग्णालयात काम करीत असतील, तर रुग्णालय त्यांना कोणत्या हिशेबाने पैसे देते, हे सहसा कुणी विचारीत नाही. तो त्यांचा खासगी मामला, असे आपण धरून चालतो. स्वतःचा दवाखाना असलेल्या माझ्यासारख्या डॉक्टरला तर हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. दोन वर्षांपूर्वी, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, एका रुग्णालयाने मला कामाचा प्रस्ताव दिला आणि सोळा पानांचा एक करार माझ्या हाती आला. तो वाचू लागलो तेव्हा जाणवले की यातील कितीतरी कलमांचा परिणाम माझ्याइतकाच माझ्या रुग्णांवर होणार आहे. म्हणून त्या कराराची हकीकत या पाक्षिकाच्या वाचकांपुढे मांडावीशी वाटली.

एमबीबीएस झाल्यावर तालुक्याच्या गावी मी दवाखाना थाटला, त्याला आता सत्तावीस वर्षे झाली. ज्या मुलांना मी गोवराची लस टोचली, ती आता आपली मुले घेऊन येतात. आणि ज्यांनी मला ‘पोरगेला डॉक्टर’ म्हणून जोखले होते, ते सारे सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. बाकांवर निम्म्याहून अधिक माणसे ज्येष्ठच असतात. रक्तदाब, मधुमेह, गुडघे, झोप, आणि या सगळ्यांच्या मागे बहुधा थोडे एकटेपण. अशा माणसाला पाच मिनिटांत उठवता येत नाही.

रुग्णालयाचा प्रस्ताव मला मोहवणारा होता. आई ब्याऐंशी वर्षांची. रात्री दोनदा तिला धरून उठवावे लागते. दवाखान्याचे भाडे दर अकरा महिन्यांनी वाढते. वीस वर्षे साथ दिलेले कंपाउंडर वयोमानाने थांबले, आणि माझ्या स्वतःच्या गुडघ्यांनी जिन्याशी वैर धरले. अशा वेळी बावीस किलोमीटरवर, जिल्ह्याच्या ठिकाणी नव्याने उभ्या राहिलेल्या रुग्णालयात ज्येष्ठ नागरिकांसाठी स्वतंत्र विभाग निघणार होता. दिवसाला चार तास बाह्यरुग्ण विभाग, उरलेला वेळ दाखल रुग्णांसाठी, रविवारी सुट्टी आणि दरमहा १,२०,००० रुपये. दवाखाना मात्र बंद करावा लागणार होता. पत्नी म्हणाली, “अहो, लगेच नाही म्हणू नका आणि लगेच होही म्हणू नका. आधी कागद मागवा.”

कागद आले. ते वाचण्यासाठी मी माझ्याच एका जुन्या रुग्णाची मदत घेतली. हे गृहस्थ निवृत्त बँक अधिकारी, वय अठ्ठ्याहत्तर. सारे गाव त्यांना काका म्हणते. कर्जाची कागदपत्रे तपासण्यात त्यांची हयात गेली. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. आधी तो आकडा कशाने कमी होतो आणि कशाने थांबतो, ते शोधायचं.” तीन रविवार आम्ही त्यांच्या ओसरीवर बसून ती सोळा पाने वाचली.

नोकर की सल्लागार?

पहिल्या पानावर माझा उल्लेख ‘सल्लागार’ असा होता. शब्द मानाचा; पण त्याचा कायदेशीर अर्थ असा की मी रुग्णालयाचा कर्मचारी नाही. कर्मचाऱ्याला भविष्यनिर्वाह निधी, भरपगारी रजा, उपदान अर्थात ग्रॅच्युइटी, आजारपणाची सवलत अशा गोष्टी मिळतात. सल्लागाराला त्यांपैकी काही नाही. त्याच्या रकमेतून १० टक्के प्राप्तिकर आधीच कापून घेतला जातो आणि बाकीचे त्याचे तो बघतो. तो आजारी पडला किंवा त्याच्या घरी कुणी आजारी पडले, तर त्या दिवसांचे पैसे बुडतात.

आज खासगी रुग्णालयांतील बहुतेक ज्येष्ठ डॉक्टर अशाच करारांवर काम करतात आणि त्यात गैर काही नाही. स्वातंत्र्य हवे असेल तर ही पद्धत सोयीची असते. मात्र माझ्या करारात पुढे सहाव्या पानावर हजेरीची वेळ, रजेसाठी पंधरा दिवस आधी परवानगी आणि अन्यत्र काम करण्यास मनाई होती. काकांनी पेन्सिलीने दोन्ही पाने जोडणारी रेघ ओढली. “बंधनं नोकराची आणि सवलती पाहुण्याच्या,” एवढेच ते म्हणाले. कर्मचारी म्हणून घ्या किंवा सल्लागाराला साजेशी मोकळीक द्या, हा आमचा पहिला मुद्दा ठरला.

हमीचा आकडा

मग आम्ही आकड्याकडे वळलो. १,२०,००० रुपये ही ‘किमान हमी’ होती आणि ती फक्त पहिल्या सहा महिन्यांसाठी होती. त्यानंतर बाह्यरुग्ण फीचा ६० टक्के वाटा मला मिळणार होता. शिवाय हमीच्या काळात माझा वाटा हमीपेक्षा कमी भरला, तर ती तूट पुढील महिन्यांच्या रकमेतून वळती करण्याची मुभा रुग्णालयाला होती. म्हणजे ज्याला हमी म्हटले होते, ती काही अंशी उचल होती.

काकांनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. तपासणीची फी ३०० रुपये. तिचा ६० टक्के वाटा १८० रुपये. दाखल रुग्णांच्या भेटींचे उत्पन्न बेभरवशाचे, म्हणून ते बाजूला ठेवले. महिन्याला १,२०,००० रुपये मिळवायचे तर सुमारे ६६७ रुग्ण तपासावे लागतील. कामाचे दिवस २५ धरले तर दिवसाला २७. चार तास म्हणजे २४० मिनिटे. त्यात २७ रुग्ण, म्हणजे प्रत्येकी जेमतेम नऊ मिनिटे. आणि प्रत्येकाला वीस मिनिटे द्यायची म्हटली, तर दिवसाला बारा रुग्ण होतात आणि महिन्याची प्राप्ती ५४,००० रुपयांवर येते.

नऊ मिनिटे तशी फार थोडी वाटत नाहीत. तरुण माणसाच्या सर्दी-खोकल्याला ती पुरतात. पण त्याच आठवड्यात माझ्या दवाखान्यात एक आजी आल्या होत्या. महिन्यात दोनदा घरात पडल्या होत्या. सुनेला भीती होती की मेंदूत काही झाले असावे; कुणीतरी सीटी स्कॅन करून घ्या म्हणून सांगितले होते. वयस्कर माणूस पडला की एक साधी तपासणी करावी लागते. त्याला पाच मिनिटे आडवे झोपवून रक्तदाब घ्यायचा. मग उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्यायचा. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरला, तर पडण्याचे एक कारण हाती लागते. या एवढ्या तपासणीलाच आठ मिनिटे जातात. आजींचा रक्तदाब उभे राहताच चांगलाच उतरला. मग मी सुनेला घरातील सगळ्या गोळ्यांची पिशवी आणायला सांगितली आणि ती टेबलावर उपडी केली. रक्तदाबाची ॲम्लोडिपिन हीच गोळी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी, दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवरून, त्या रोज घेत होत्या. जोडीला झोपेची गोळी होती. डोक्याला मार नव्हता, मेंदूच्या आजाराचे कोणतेही लक्षण नव्हते. एक गोळी बंद केली, झोपेची हळूहळू कमी करत नेली, अंथरुणातून उठताना आधी दोन मिनिटे कडेला बसायला शिकवले. सगळे मिळून पस्तीस मिनिटे लागली.

नऊ मिनिटांच्या हिशेबात त्या आजी कुठे बसल्या असत्या? डॉक्टर कितीही सज्जन असला, तरी बाहेर सव्वीस माणसे खोळंबलेली असताना तो गोळ्यांची पिशवी उपडी करीत नाही. तो स्कॅनची चिठ्ठी लिहितो. चिठ्ठी लिहायला अर्धे मिनिट पुरते, आणि त्यात त्याला आपण काही चुकीचे करतो आहोत असेही वाटत नाही.

प्रत्येक पद्धतीचा आपापला मोह

यावरून कुणी असे समजू नये की वाट्याची पद्धत वाईट आणि पगाराची चांगली. डॉक्टरला मोबदला देण्याच्या मुख्यतः तीन रीती जगभर दिसतात, आणि प्रत्येकीत एक मोह दडलेला आहे. दर भेटीमागे किंवा दर शस्त्रक्रियेमागे पैसे मिळत असतील, तर अधिक करण्याचा मोह होतो. ठरावीक पगार असेल, तर कमी करण्याचा. रुग्ण उद्यावर ढकलला तरी महिनाअखेरीस रक्कम तीच. तिसरी रीत ब्रिटनमधील. तेथे १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हापासून कुटुंब-डॉक्टरच्या यादीत किती माणसे नोंदलेली आहेत, यावर त्याच्या मोबदल्याचा मोठा भाग ठरत आला आहे. तेथे मोह यादी लांबवण्याचा. २००४ मध्ये त्यांनी त्यात भर घातली: रक्तदाब, मधुमेह यांसारख्या आजारांत ठरावीक उद्दिष्टे गाठली की गुण, आणि गुणांवर पैसे. जे मोजले जाते त्याकडे लक्ष वाढते, हे खरे. पण एकटेपण, भीती, सुनेची दमछाक हे मोजण्याचे यंत्र अजून निघालेले नाही. स्कॉटलंडने २०१६ मध्ये ती गुणपद्धत मोडीत काढली.

आपल्याकडच्या सरकारी डॉक्टरांना पगारासोबत व्यवसायरोध भत्ता मिळतो. बाहेर खासगी व्यवसाय करू नये, म्हणून दिलेला हा मोबदला. त्यामागचा विचार मला नेहमीच शहाणपणाचा वाटत आला आहे. मोह आहे हे मान्य करून त्याची भरपाई उघडपणे कागदावर लिहिणे, हे तो नसल्याचे भासवण्यापेक्षा कितीतरी बरे.

अकराव्या पानावरचा तक्ता

कराराच्या अकराव्या पानावर ‘कामगिरीचा आढावा’ या शीर्षकाखाली एक तक्ता होता. बाह्यरुग्णांपैकी किती जणांना दाखल करून घेतले, किती तपासण्या रुग्णालयाच्याच प्रयोगशाळेत झाल्या, किती औषधे आतल्याच दुकानातून गेली, यांचे दरमहा प्रमाण काढले जाणार होते आणि त्यावरून वार्षिक वाढ ठरणार होती. रुग्णालयांच्या भाषेत याला ‘कन्व्हर्जन’ म्हणतात. हा शब्द ऐकून काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे मी खोकलो तर तुमची वाढ होणार!”

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत रुग्ण कुणाकडे पाठवण्याबद्दल किंवा तपासणीसाठी धाडण्याबद्दल कमिशन, बक्षीस वा वाटा देणे-घेणे निषिद्ध ठरवले आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम निघाले. पण त्याच महिन्यात त्यांना स्थगिती मिळाली आणि २००२ चेच नियम पुन्हा लागू झाले. महाराष्ट्रात या व्यवहाराला ‘कट’ म्हणतात, आणि त्याविरुद्ध उभी राहिलेली माणसेही येथलीच आहेत. विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०१३ मध्ये एका निदान केंद्राकडून १,२०० रुपयांचा धनादेश आला. त्यांनी तो ठेवून घेतला नाही. उलट वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. २०१७ मध्ये राज्य सरकारने कट-प्रथेविरुद्ध कायद्याचा मसुदा करण्यासाठी माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मसुदा तयार झाला. कायदा मात्र झाला नाही.

माझ्या करारातील तक्त्यात कट हा शब्द अर्थातच नव्हता. बाहेरच्या कुणाला पैसे द्यायचे नव्हते. एकाच छपराखालचा हिशेब होता. नियमाच्या अक्षरात तो बसतो की नाही, यावर वकील वाद घालू शकतील. पण रुग्णाच्या बाजूने पाहिले तर फरक उरत नाही. समोर बसलेल्या माणसाला दाखल करावे की घरी पाठवावे, याचा विचार करताना डॉक्टरच्या मनात तिसरी कुठलीही गोष्ट असू नये, एवढीच त्या नियमामागची भावना आहे.

जबाबदारी आणि निरोप

उरलेली कलमे थोडक्यात सांगतो; ज्यांच्या घरी तरुण डॉक्टर आहेत, त्यांना ती उपयोगी पडतील.

एक, विमा. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालात स्पष्ट केले. पुढे २००४ मध्ये सविता गर्ग यांच्या खटल्यात असे ठरले की रुग्णालयाने नेमलेला डॉक्टर कायम सेवेतला असो वा बाहेरून बोलावलेला, त्याच्या हलगर्जीची जबाबदारी रुग्णालयाला झटकता येत नाही. रुग्णासाठी हा मोठाच दिलासा. मात्र माझ्या करारात अशी भरपाई रुग्णालयाने भरल्यास ती संपूर्ण माझ्याकडून वसूल करण्याचे कलम होते. रात्री परिचारिका कमी असल्या, ऑक्सिजनची जोडणी सदोष असली, तरी भुर्दंड माझ्यावर. शिवाय रुग्णालयाने काढलेल्या विम्याचे संरक्षण काम सोडल्यावर टिकेलच असे नसते, आणि दावे पुष्कळदा वर्ष-दोन वर्षांनी येतात. म्हणून डॉक्टरने स्वतःच्या नावावर वेगळा विमा ठेवावा आणि तो खंडित होऊ देऊ नये.

दोन, पूर्वसूचना. मी सोडायचे तर तीन महिने आधी कळवायचे. त्यांनी मला काढायचे तर एक महिना पुरे. सूचनेचा कालावधी दोन्ही बाजूंना सारखा असावा.

तीन, सोडल्यानंतरची मनाई. काम सोडल्यावर दोन वर्षे पंचवीस किलोमीटरच्या परिसरात व्यवसाय करू नये, असे एक कलम होते. माझे गाव त्या परिघात येत होते! भारतीय करार कायदा, १८७२, याच्या कलम २७ नुसार एखाद्याला कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. नोकरी चालू असताना घातलेले बंधन टिकू शकते, नोकरी संपल्यावरचे सहसा टिकत नाही. तरीही ‘न्यायालयात टिकणार नाहीच’ म्हणून सही करणे शहाणपणाचे नव्हे. न्यायालयात ते सिद्ध करायला वेळ आणि पैसा डॉक्टरचाच जातो.

चार, वाटा कशावर. बिल झालेल्या रकमेवर की प्रत्यक्ष वसूल झालेल्या रकमेवर? विमा कंपनीने दावा अडवला किंवा गरीब रुग्णाला सवलत दिली, तर ती कुणाच्या वाट्यातून जाते? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णाबद्दल वेगळा दर आहे का? जेथे सवलतीचा सगळा भार डॉक्टरवर पडतो, तेथे गरीब रुग्णाला नकळत उंबऱ्याबाहेर ठेवले जाते.

आणि पाचवे, कागदपत्रे. रुग्णाच्या नोंदी ‘रुग्णालयाची मालमत्ता’ आहेत, असे आमच्या करारात म्हटले होते. येथे वाचकांनी आपला हक्क लक्षात ठेवावा. २००२ च्या त्याच नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवाव्या लागतात, आणि रुग्णाने अथवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागणी केल्यास ७२ तासांत त्या द्याव्या लागतात. डॉक्टर बदलले, रुग्णालय बदलले, तरी तुमच्या आजाराची हकीकत तुमच्यासोबत चालली पाहिजे.

सही

आमचे मुद्दे घेऊन मी रुग्णालयाच्या व्यवस्थापकांना भेटलो. तरुण, अदबशीर गृहस्थ. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “सर, हा तक्ता सगळ्यांच्याच करारात असतो. तसं कुणी वाचत नाही.” मी म्हणालो, “कुणी वाचत नसेल, तर काढायलाही हरकत नसावी.” ते हसले, पण तक्ता काढायचा तर १,२०,००० चा आकडा राहणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यांच्याही बाजूने विचार केला पाहिजे. यंत्रांचे हप्ते, वीज, परिचारिकांचे पगार हे सगळे त्यांना दर महिन्याला उभे करावे लागते. त्यांच्या स्पष्टपणाचा मला राग आला नाही. उलट बरे वाटले. निदान त्या तक्त्याची किंमत किती, ते मला रुपयांत कळले.

शेवटी ठरले ते असे. आठवड्यातून पाच दिवस सकाळी चार तास, प्रत्येक रुग्णाला वीस मिनिटांची वेळ, रुग्णसंख्या कितीही असो दरमहा ६०,००० रुपये. तक्ता गेला. सोडल्यानंतरची मनाई गेली. अन्यत्र काम करण्याची बंदी गेल्यामुळे संध्याकाळचा माझा दवाखाना राहिला. सूचना दोन्ही बाजूंना दोन महिने. नुकसानभरपाई माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणापुरती. भरपगारी रजा मात्र मिळाली नाही.

घरी आकडा सांगितला तेव्हा पत्नी थोडा वेळ काही बोलली नाही. देऊ केलेल्या रकमेच्या बरोबर निम्मी रक्कम घेऊन मी परतलो होतो, आणि त्या निम्म्यातही दहा टक्के कापले जाणार होते. मुलीचे शेवटचे शैक्षणिक वर्ष होते. “जमेल,” ती म्हणाली, “पण मागचं स्वयंपाकघर यंदा दुरुस्त व्हायचं नाही.” ते अजूनही झालेले नाही. गेल्या पावसाळ्यात आईला न्यूमोनिया झाला, तेव्हा मी अकरा दिवस घरी होतो. त्या दिवसांचे पैसे कापले गेले. अशा किमती मोजाव्या लागतात, आणि प्रत्येक डॉक्टरला त्या परवडतीलच असे नाही. तिशीतल्या, शिक्षणाच्या कर्जाखाली दबलेल्या डॉक्टरने मी केले तेच करावे, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? त्याने निदान वाचून सही करावी, इतकेच म्हणेन.

हा करार दरवर्षी एप्रिलमध्ये नवा होतो. यंदाच्या मसुद्यात ‘सरासरी रुग्णसंख्या’ अशी एक ओळ पुन्हा हळूच आली होती. मी विचारले, त्यांनी ती खोडली. पुढच्या वर्षी ती पुन्हा येईल, हे मला ठाऊक आहे.

घरच्यांनी काय करावे?

ज्येष्ठ वाचकांनी आणि त्यांची काळजी घेणाऱ्या मंडळींनी डॉक्टरांचा करार मागून पाहावा, असे माझे म्हणणे नाही. तो तुम्हाला कुणी दाखवणारही नाही. पण काही प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि त्याने कोणत्याही चांगल्या डॉक्टरचा अपमान होत नाही. ही तपासणी कशासाठी? तिच्या निकालाने उपचार बदलणार आहेत का? ती चार दिवस थांबून केली तर चालेल का? बाहेरच्या प्रयोगशाळेत केली तर चालेल का? दाखल न होता घरी राहिलो, तर कोणत्या लक्षणांवर लक्ष ठेवायचे? ज्या डॉक्टरला या प्रश्नांची उत्तरे शांतपणे देता येतात, त्याचा मोबदला कोणत्याही पद्धतीने ठरत असो, त्याच्यावर विश्वास टाकायला हरकत नाही. मात्र छातीत दुखणे, एका बाजूची शक्ती जाणे, धाप लागणे अशा वेळी प्रश्नांत वेळ घालवू नका. आधी रुग्णालय गाठा.

दुसरे असे की डॉक्टरची मिनिटे तुम्हीही वाचवू शकता. सगळ्या गोळ्या, अगदी मलमे आणि काढेसुद्धा, एका पिशवीत घालून सोबत आणा. सगळ्यात महत्त्वाच्या दोन तक्रारी आधी सांगा. वयस्कर माणसाची सविस्तर तपासणी हवी असेल, तर नाव नोंदवतानाच ‘जास्त वेळ लागेल’ असे सांगा आणि त्यासाठी थोडी अधिक फी मागितली, तर कुरकुर करू नका. तीनशे रुपयांत घाईने लिहिलेल्या स्कॅनच्या चिठ्ठीपेक्षा पाचशे रुपयांत शांतपणे घेतलेला उभ्याने-आडव्याने रक्तदाब पुष्कळ स्वस्त पडतो. आपण तपासण्यांना आणि यंत्रांना हजारो रुपये सहज देतो. ऐकून घेण्याला मात्र पैसे देताना आपला हात आखडतो. रुग्णालयांचे हिशेबही शेवटी आपल्या याच सवयीवर बेतलेले असतात.

आणि तुमचा नातू किंवा नात डॉक्टर झाली असेल, पहिल्या नोकरीचा करार घेऊन घरी आली असेल, तर ‘पगार किती?’ एवढेच विचारून थांबू नका. चष्मा लावा, तिच्याजवळ बसा आणि विचारा: “बाळ, यात तुला एका माणसासाठी किती मिनिटं दिली आहेत?”